बाईंच्या पोरी

आमच्या घरात काळ मोजायची रीत वेगळी होती. कुणाचं लग्न कधी झालं, कुठली विहीर कधी खणली, कोण कुठल्या साली वारलं, असं विचारलं की थोरली माणसं सन-तारखेच्या खटाटोपात पडत नसत. ‘संजीवनाआधी’ किंवा ‘संजीवनानंतर’ एवढं सांगून मोकळी होत. त्याहून नेमकं सांगायचं झालं तर ‘बाई असताना’ आणि ‘बाई गेल्यावर’. बाई म्हणजे पंडिता रमाबाई. संजीवन म्हणजे 1905 सालच्या पावसाळ्यात केडगावच्या मुक्तिसदनात जे घडलं ते. केडगाव ते दौंड या पट्ट्यातल्या आमच्या मंडळ्यांचा इतिहास त्या रात्रीपासून सुरू होतो, असं जुनी माणसं मानत आली. मीही तसंच मानतो.

माझी पणजी मुक्तीत वाढली. मी तिला पाहिलेलं नाही. जे काही कळलं ते तिच्या लेकीकडून, म्हणजे माझ्या आजीकडून. पणजी गुजरातेतली. 1899-1900 चा तो भयंकर दुष्काळ; विक्रम संवत 1956 मध्ये पडला म्हणून त्याला ‘छप्पनिया’ म्हणत. गाव कुठलं, आईबापांची नावं काय, हे तिला स्वतःलाच नीट आठवत नसे. आठवायची ती एक गोष्ट : रस्त्याकडेला बसलेली असताना मुक्तीतून आलेल्या एका बाईनं तिला उचललं आणि आधी पाणी पाजलं, मग भाकरीचा बारीक तुकडा दिला, पुन्हा थांबून आणखी एक. उपाशी पोटाला एकदम खायला घातलं तर माणूस दगावतं, हे त्या बाईला ठाऊक होतं. आजी हे सांगताना दर वेळी बोटांनी तुकड्याचा आकार दाखवायची, नखाएवढा.

ते ठाऊक असायला कारण होतं. मुक्तीचं सगळं काम जिच्या जिवावर उभं राहिलं ती स्त्री स्वतः दुष्काळातून आली होती. 1858 मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचं बालपण वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रेत गेलं. देवळांच्या ओवऱ्यांत पुराणं सांगत हे कुटुंब गावोगाव फिरे. ऐन तारुण्यात रमाबाईंनी दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. पुढं कलकत्त्यातल्या पंडितांनी दिलेला मान, भावाचा आणि पतीचा मृत्यू, पुण्यातला आर्य महिला समाज, इंग्लंडमध्ये 1883 मध्ये झालेला बाप्तिस्मा, अमेरिकेचा प्रवास, 1889 मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन, हा सारा प्रवास मराठी वाचकाला परिचयाचा आहे. ज्याची चर्चा कमी होते तो भाग त्याच्या पुढचा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाचे दिवस, निर्बंध कडक. तेव्हा केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर या सगळ्यांची सोय करावी लागली. तिथंच मुक्ती उभी राहिली. गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार पोटं म्हणजे काय, याची कल्पना आजीच्या गोष्टींतून यायची. पहाटेपासून जाती सुरू. एक पाळी दळणाला, एक पाण्याला, एक धुण्याला. माग होते, तेलाचा घाणा होता, गाई-म्हशी होत्या, शेत होतं, छापखाना होता. शाळा होतीच. रमाबाईंची लेक मनोरमाबाई आईचा उजवा हात होती. अमेरिकेत शिकून घेतलेल्या ब्रेल लिपीत तिनं मुक्तीतल्या अंध मुलींना वाचायला शिकवलं. जातीची विचारणा नव्हती. आजी म्हणायची, ‘तिथं सगळ्यांचं एकच आडनाव. बाईंच्या पोरी.’

आता संजीवनाकडे येतो. ते अचानक झालं असं सांगितलं जातं, पण त्याची तयारी बरीच आधी सुरू झाली होती. ऑस्ट्रेलियात आध्यात्मिक जागृतीच्या मोठ्या सभा झाल्याचं ऐकून रमाबाईंनी 1903 मध्ये मनोरमाबाई आणि मिनी अब्राम्स यांना तिकडं पाठवलं. अब्राम्स या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी. 1887 मध्ये मुंबईत आल्या आणि 1898 पासून मुक्तीत काम करू लागल्या. 1904 मध्ये वेल्समधल्या संजीवनाची बातमी आली. खासी टेकड्यांतल्या मंडळ्यांतही पुढं तसंच घडलं. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी आपल्या लोकांपुढं विषय काढला : असं आपल्याकडं का होऊ नये? रोज प्रार्थनेला कोण बसेल, असं विचारल्यावर सत्तरेक जणी पुढं आल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. दिवसातून दोनदा त्या एकत्र बसत. दळण-कांडण, शेत, शाळा यांतलं काहीही न चुकवता.

29 जूनच्या पहाटे, उजाडायच्या बऱ्याच आधी, मोठ्या मुलींच्या खोलीत एक मुलगी प्रार्थना करत होती. शेजारी झोपलेल्या मुलीला जाग आली. पाहते तर ती आगीनं वेढलेली. ही धावत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, पाण्याची बादली उचलून आणली आणि ओतणार एवढ्यात तिच्या ध्यानात आलं की ही जळत नाहीये. मिनी अब्राम्स यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. पणजी तेव्हा लहान मुलींच्या खोलीत होती. तिनं आग पाहिली नाही, गलका ऐकला. पण बादलीची गोष्ट दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्यांच्या तोंडी होती. आमच्याकडं ती गोष्ट आली ती त्या विहिरीवरून.

आजी गोष्ट सांगायची तेव्हा जिला आग लागली तिच्यापेक्षा बादली आणणारीकडं तिचं जास्त लक्ष असे. ‘बाकीच्या घाबरून किंचाळल्या असत्या,’ ती म्हणायची, ‘ही पाणी आणायला धावली.’ दुसऱ्याचं जळणं दिसलं की हात आधी पाण्याकडं गेला पाहिजे, हा आजीचा त्या संजीवनावरचा सगळा उपदेश. मोठेपणी मी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्यावरची पुष्कळ प्रवचनं ऐकली, पुस्तकंही वाचली. यापेक्षा नेमकं काही मला कुठं सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी, 30 जूनला, रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत होत्या. त्यांची शिकवण्याची रीत शांत, आवाज न चढवता बोलण्याची. मध्येच मुली रडू लागल्या, मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. त्यानंतर कित्येक दिवस शाळा-कामाचे तास प्रार्थनेत गेले. मुली आपली पापं कबूल करत. कुणी चोरलेली वस्तू परत आणून दिली, कुणी अबोला सोडला. शेकडो गळे एकाच वेळी उघडत आणि तो आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत जाई.

या आवाजावरून टीका झाली. मिशनरी मंडळींना उपासना शिस्तीची हवी होती : एकानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी मान खाली घालून ऐकायचं. हा गोंधळ आहे, भावनेचा उमाळा आहे, असं म्हणणारे होते. रमाबाईंनी ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रात त्याला उत्तर दिलं. भारतीय माणसाला देव भेटायचा तर तो त्याच्या स्वभावाला, त्याच्या भावनेला मानवेल अशा रीतीनं भेटू द्या; परदेशी साच्यात त्याला ओतू नका, अशी त्यांची भूमिका होती. मला हे त्यांच्या साऱ्या आयुष्याचं सार वाटतं. ज्या बाईचं बालपण देवळांच्या ओवऱ्यांत गेलं, जिनं हजारो श्लोक मुखोद्गत केले, जिच्या कानांवर टाळ-मृदंग आणि हरिनामाचा गजर लहानपणापासून पडला, तिला माणसं देवासमोर मोठ्यानं रडतात याचं नवल वाटलं नसणार. धर्म बदलला तरी देवाला हाक मारायचा गळा तोच राहिला, आणि तो तसाच राहावा यासाठी त्या उभ्या ठाकल्या. आज आमच्या मंडळ्यांत उपासनेला ढोलकी आणि झांजा वाजतात, सगळे मिळून मोठ्यानं प्रार्थना करतात. त्यामागं कुणीतरी एकदा दिलेली ही परवानगी आहे.

पण आवाज करून त्या मुली थांबल्या असत्या तर आमच्या पट्ट्यात मंडळ्याच झाल्या नसत्या. रमाबाईंनी त्यांना बाहेर पाठवलं. शेकडो मुलींनी नावं दिली. त्यांच्या टोळ्या पाळीपाळीनं आसपासच्या गावांत जाऊ लागल्या, अब्राम्स त्यांची व्यवस्था पाहत. पणजी थोडी मोठी झाल्यावर अशा टोळीत गेली. वरवंड, खुटबाव, पारगाव ही नावं आजीच्या बोलण्यात यायची ती यातूनच. सकाळी निघायचं, भाकरी फडक्यात बांधून घ्यायची, गावच्या पाराशी किंवा विहिरीपाशी बसायचं. भजन म्हणायचं, आपली साक्ष सांगायची, कुणी आजारी असेल तर त्याच्या दारात बसून प्रार्थना करायची. शिव्या मिळत, कधी दगडही. कुठं एखादी म्हातारी ताक आणून द्यायची. वीस वर्षांच्या आतल्या, अनाथ, बहुतेक निराधार किंवा विधवा अशा मुली गावच्या पारावर बसून धर्मावर बोलताहेत, हे त्या काळात या मुलखानं कधी पाहिलं नव्हतं.

केडगाववरून जाणाऱ्या लोहमार्गावर पुढं दौंडला अल्बर्ट नॉर्टन या अमेरिकन मिशनऱ्यानं मुलांचा आश्रम चालवला होता. तोही दुष्काळातल्या पोरांचा. माझा पणजोबा तिथला. केडगावच्या मुली आणि दौंडची मुलं यांची लग्नं लागत, तसं या दोघांचं लागलं. पणजोबा रेल्वेत चिकटला आणि आमचं घर दौंडचं झालं. दोन आश्रमांत वाढलेल्या दोघांचं ते घर. त्यात सासर-माहेर असं काही नव्हतंच. सणावाराला जायचं म्हटलं की पणजी मुक्तीत जाई. तेच तिचं माहेर.

1906 मध्ये अन्य भाषांची गोष्ट सुरू झाली. प्रेषितांच्या कृत्यांत पन्नासाव्या दिवशी शिष्य जसे न शिकलेल्या भाषांत बोलले, तसं मुंबईत, मनमाडात, मुक्तीत घडू लागल्याच्या बातम्या आल्या. नॉर्टन मुक्तीत गेले असता त्यांनी एका मुलीला इंग्रजीत प्रार्थना करताना ऐकलं; तिला ती भाषा येत नाही असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केलं आणि ती हकिगत साता समुद्रांपार वाचली गेली. अब्राम्स यांनी 1906 मध्येच पवित्र आत्म्याच्या आणि अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तक काढलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी अन्य भाषांचा विषय घातला.

इथं रमाबाईंचं पुढारपण खरं कळतं. अन्य भाषांना त्यांनी आडकाठी केली नाही, हे देणं देवाचं आहे असंच म्हटलं. पण ज्याला ते मिळालं नाही त्याच्यात आत्मा नाही, ही भूमिका त्यांनी कधी घेतली नाही. त्यांच्या लेखी ती एक खूण होती, एकमेव नव्हे. जगभरच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या पुढं या मुद्द्यावर भांडल्या, फुटल्या, वेगळ्या झाल्या. मुक्तीत दोन्ही प्रकारच्या मुली एकाच पंगतीला बसल्या. पणजी अन्य भाषेत कधी बोलली नाही. तिच्या शेजारच्या खाटेवरची बोलायची. दोघी एकाच जात्यावर बसायच्या आणि खुंटा दोघींच्या हातात असायचा.

आता जगाचा इतिहास काय सांगतो ते पाहू. पेंटेकॉस्टल चळवळीचा प्रारंभ म्हणून सर्वत्र नाव घेतलं जातं ते लॉस एंजेलिसमधल्या अझूसा स्ट्रीटचं. एप्रिल 1906 मध्ये विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय पाळकाच्या सभांतून ती चळवळ जगभर गेली, आणि तो मान त्यांचा आहेच. सीमोर यांचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. तिकडं गुलामांचा मुलगा, इकडं दुष्काळातल्या पोरी. देवानं दोन्हीकडं निवडलेली माणसं एकाच थरातली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण केडगावची आग अझूसाच्या दहा महिने आधीची आहे. अझूसाच्या सभांना हजर असलेल्या फ्रँक बार्टलमन यांनीच लिहून ठेवलंय की ही चळवळ वेल्समध्ये पाळण्यात होती, भारतात वाढली आणि मग लॉस एंजेलिसमध्ये प्रौढ झाली. सीमोर यांच्या ‘अपोस्टॉलिक फेथ’ या पत्रातही भारतातल्या घटनांचं वृत्त छापून येत होतं.

केडगावहून ही वाट थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली. अब्राम्स यांची शिकागोतली वर्गमैत्रीण मे हूवर आपले पती विलिस हूवर यांच्याबरोबर चिलीतल्या वॅल्पाराइसो शहरात मेथडिस्ट मिशनचं काम करत होती. अब्राम्स यांनी तिला आपलं पुस्तक पाठवलं. ते वाचून हूवर दाम्पत्यानं आपल्या मंडळीत प्रार्थना सुरू केली, 1909 मध्ये तिथं संजीवन झालं आणि त्यातून चिलीतली मेथडिस्ट पेंटेकॉस्टल मंडळी जन्माला आली. ती आज त्या देशातल्या मोठ्या ख्रिस्ती प्रवाहांपैकी एक आहे. दौंड तालुक्यातल्या एका खोलीत बादली घेऊन धावलेल्या मुलीची गोष्ट अशी समुद्र ओलांडून स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या देशात पोहोचली. तिकडच्या अभ्यासकांना मुक्तीचं नाव माहीत आहे. आपल्याकडं रेल्वेनं केडगाववरून जाणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल?

मुक्तीनं स्वतःचा पंथ काढला नाही. तिथून बाहेर पडलेल्या मात्र अनेक वाटांनी गेल्या. अब्राम्स यांनी 1910 मध्ये ‘बेझालेल’ नावाची मिशनसंस्था काढली, ती अविवाहित स्त्रियांनी चालवलेली. उत्तर प्रदेशातल्या, तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या, गावांत त्या गेल्या आणि 1912 मध्ये उस्का बाजार इथं वारल्या. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या. पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाईही गेल्या.

शेवटची कितीतरी वर्षं रमाबाईंनी एकच ध्यास घेतला होता : खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांचं, आणि खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सारं मुक्तीतल्या मुलींचं. पणजी छापखान्यात जुळारी होती. डाव्या हातात पट्टी, उजव्या हातानं खणांतून एकेक खिळा उचलायचा, काना-मात्रा-वेलांटीचे तुकडे बसवायचे, आणि सगळं उलटं वाचायचं. संध्याकाळी बोटं शिशानं काळी व्हायची ती राख लावून घासायची. आजीला अक्षरओळख झाली ती अशी : पणजी जमिनीवर बोटानं अक्षर उलटं काढायची आणि लेकीनं ते सुलटं ओळखायचं. जुनी माणसं सांगत की शेवटची मुद्रितं तपासून होईतो आयुष्य मिळावं अशी बाईंनी प्रार्थना केली, ती तपासून झाली आणि बाईंनी डोळे मिटले. ते बायबल 1924 मध्ये छापून बाहेर पडलं. पणजीचा हात कुठल्या पानावर फिरला हे सांगता येणार नाही. प्रत हातात घेतली की मला सगळीच पानं तिची वाटतात.

पुढं पेंटेकॉस्टल मंडळ्यांची घडी बसली. डिस्ट्रिक्ट आखले गेले, सुपरिंटेंडेंट नेमले गेले, समित्या झाल्या, वार्षिक अधिवेशनं भरू लागली. हे सारं लागतंच, त्याविना काम टिकत नाही. त्या पदांवर बसलेल्या कित्येक पाळकसाहेबांनी सायकलवरून गावं पालथी घातली, अर्ध्या पगारावर संसार केला. त्यांचं ऋण मी विसरत नाही. पण स्मरणिका निघतात तेव्हा पुढाऱ्यांच्या यादीत सुरुवातीपासून पुरुषांचीच नावं असतात. प्रार्थनेला बसणाऱ्या, उपास धरणाऱ्या, आजाऱ्याच्या दारात जाणाऱ्या बहुसंख्य बाया; आणि ठराव करणाऱ्या बैठकीत त्या चहा घेऊन येतात. ज्या पट्ट्यात पहिली आग मुलींवर उतरली, पहिली साक्ष त्यांनी पारावर बसून दिली, पहिलं सोपं बायबल त्यांच्या हातांनी जुळलं, तिथं हे शोभत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या भागातल्या मंडळ्यांचा इतिहास ज्याला लिहायचा असेल त्यानं पहिलं प्रकरण केडगावच्या मुलींवर लिहावं. त्यासाठी घरोघरच्या आज्यांकडं बसावं, त्या आहेत तोवर. कुठली पणजी कुठल्या दुष्काळात आली, कुठल्या टोळीत कुठल्या गावाला गेली, काय काम करायची, हे नाव-गावासकट उतरवून घ्यावं. अशी शेकडो घरं पुणे, दौंड, सोलापूर, मुंबई इथं पसरलेली आहेत आणि प्रत्येक घरात एखादी तरी गोष्ट शिल्लक आहे. आणि मंडळीच्या समितीत, उपदेशाच्या जागेवर, डिस्ट्रिक्टच्या निर्णयांत स्त्रियांना स्थान द्यायचा विषय निघाला की ही नवी टूम आहे असं कुणी म्हणू नये. आमच्याकडं ती सर्वांत जुनी परंपरा आहे. पदं नंतर आली. पुढारपण बाईंच्या पोरींनी आधीच करून दाखवलं होतं.